काचेवरची तारीख

मी काचेची पट्टी बोलतेय. वीतभर लांब, दोन बोटं रुंद. मला भिंतीवर लावतात, भेगेच्या आडवी, दोन्ही टोकं प्लास्टरमध्ये घट्ट बसवून. भेग वाढली की मी तुटते. शाबूत राहिले, तर भेग थांबली असं समजायचं. साक्ष देणं एवढीच माझी नोकरी. आणि मी खोटी साक्ष दिली.

या घरात माझ्याआधी दुसरी पट्टी होती. खिडकीच्या कोपऱ्यातून छतापर्यंत तिरकी भेग गेलेली, तिच्यावर. ती सहा महिन्यांत तुटली. बिचारीने आपलं काम चोख केलं. घरमालकाने तिचे तुकडे कागदात गुंडाळून फेकले, खोलीला नवा रंग दिला आणि गवंड्याला बोलावून मला लावायला सांगितलं. भेग मात्र त्याने बुजवली नाही. लपवलेलं लोक शोधून काढतात. समोर दाखवलं की विश्वास ठेवतात. हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"तारीख कुठली घालू, साहेब?" गवंड्याने विचारलं.

"दोन वर्षांपूर्वीची."

"अहो, पण आज तर..."

"लावायचं काम तुझं. तारीख माझी."

गवंड्याने बारीक ब्रशने माझ्यावर तारीख काढली. मग चहाचं पाणी चोळून माझं प्लास्टर जुनाट केलं. काम सफाईदार झालं. जाताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

महिन्याभराने ती माणसं आली. मुलगी नर्स होती, तिचा नवरा छापखान्यात कामाला. दोघं पहिलंच घर विकत घ्यायला निघालेली. सोबत मुलीचे वडील. सगळा जन्म कारखान्यात लेथवर गेलेला, त्यामुळे केसभर फरकही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. मुलगी लहानपणापासून सायकल घेतानाही आधी त्यांना विचारायची, नवरा निवडतानाही.

भेग पाहून मुलगी जागीच थांबली. वडील मात्र माझ्याजवळ आले, चष्मा वर सरकवला आणि खूश झाले.

"अगं, ही पट्टी बघ. आमच्या मोठ्या मशिनच्या पायावर अश्शाच लावायचे. दोन वर्षं झाली, तडासुद्धा नाही! भेग मेलेली आहे."

"बाबा, पण हे दार वरून तासलंय का? इथलं लाकूड ताजं दिसतंय."

"दारं फुगतात गं दमटपणाने. तू पेशंटचं बघ, भिंतींचं मी बघतो."

"बाबांनी पास केलं," जावई हसला, "आता आपण कशाला पेपर तपासायचा?"

घरमालक दारात उभा होता. तो एक शब्द बोलला नाही. बोलायला मी होते ना!

मला ओरडावंसं वाटत होतं. माझ्या प्लास्टरची कड नखाने उचला! खाली कोरा करकरीत रंग आहे. मी दोन वर्षांची असते तर रंग माझ्या भोवतीने गेला असता, माझ्या खालून कसा गेला? दार फुगलेलं नाही, चौकट तिरकी झाली म्हणून तासलंय! आणि एक मजला उतरून खालच्या बाईंना विचारा. त्यांच्या भिंतीतल्या भेगेत तर बोट जातं.

कोणी कड उचलली नाही. कोणी खाली गेलं नाही. घर विकत घेतलं.

आठ महिने मी जीव मुठीत धरून ताणली गेले. त्या घरात हसणं होतं, खिडकीत तुळशीऐवजी मिरचीचं रोप होतं, त्यावरून रोज चेष्टा होती. एका दुपारी मुलगी कपड्यांच्या घड्या घालत असताना मी तुटले. टक्. एवढाच आवाज.

मग इंजिनिअर आला. खालची सांडपाण्याची नळी केव्हाची फुटलेली, माती वाहून गेलेली, कोपऱ्यातला खांब खचतोय, असं त्याने सांगितलं. "आठवड्याभरात घर रिकामं करा." जाता जाता त्याने स्क्रू ड्रायव्हरने माझी कड खरवडली.

"ही रंगावर लावलीये. रंग कधी दिला होता?"

"आम्ही घर बघायला आलो, तेव्हा नवाच होता," मुलगी म्हणाली.

वडील तिथेच होते. त्यांनी बोटाने तो रंग चाचपला. पुन्हा चाचपला. केसभर फरक हेरणाऱ्या त्या बोटांना आता सगळं कळत होतं.

खालच्या बाई जिन्यात भेटल्या. "आम्हाला वाटलं, तुम्हाला माहितीये. काच लावलेली होती ना!" त्यांना तरी काय दोष द्यायचा?

सामान निघालं त्या दिवशी वडील माझ्यासमोरून हलेनात.

"माझ्या शब्दावर घेतलंस तू हे."

"चला, बाबा."

"एकदा तरी बोल मला काहीतरी."

"मी दाराचं विचारलं होतं, बाबा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. पिशव्या उचलल्या आणि जिना उतरली. नवीन जागा कुठे बघितली, ते तिने वडिलांना सांगितलेलं नव्हतं. त्यांनी ते जावयाला विचारलं.

आता खोलीत लोखंडी टेकू उभे आहेत. मी अजून भिंतीवर आहे, दोन तुकड्यांत. घरमालक कुठेतरी सुखाने जेवत असेल. त्याला कुणी काही विचारलेलं नाही.

पहिलं घर बघायला जाल, तेव्हा माझ्यासारखी भेटली तर नुसती वाचू नका हो. खरवडा. मालकाला राग आला तर येऊ द्या, तासलेल्या दारावर हात फिरवा, खालच्या मजल्याची बेल वाजवा. आणि बरोबर आलेली पोर काही विचारत असेल, तर तिचं आधी ऐका.