सेगुंदो माताबांचोय यांचा स्वच्छ फोटो

सकाळी साडेनऊला कोलंबियातल्या पास्तो शहराच्या हॉस्पिटलात सेगुंदो माताबांचोय यांनी एक्स-रे यंत्रासमोर उभं राहून एक्स-रेत उठून दिसणाऱ्या औषधाचा प्याला रिकामा केला. कॅन्सरमुळे त्यांचं जठर काढून अन्ननलिका थेट आतड्याला जोडली होती. तो जोड गळतोय का, एवढंच पाहायचं होतं. पडद्यावर औषधाची बारीक धार जोडावरून सरळ खाली उतरली. बाहेर ओघळ दिसला नाही. डॉक्टर लिलियाना एरासो यांनी ‘गळती नाही’ असं लिहून सही केली आणि पुढच्या पेशंटला आत घेतलं. दुपारी सेगुंदोंना कोंबडीचं पातळ सूप सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी त्यांना ताप भरला. एरासोंना सर्जन बोतिनांचा फोन आला.

“नाडी फार जोरात आहे. डावा खांदा दुखतोय म्हणतात. पण फोटो तुम्ही स्वच्छ दिलाय, म्हणजे न्यूमोनियाच. त्याचं औषध वाढवतो.”

एरासोंनी कालचा फोटो पुन्हा उघडला. भरलेला प्याला, आणि धार एवढीशी? मग त्या स्वतः वॉर्डात गेल्या. सेगुंदोंची मुलगी फानी त्यांचं कपाळ पुसत होती.

“काका, काल औषध सगळं प्यालात ना?”

“प्यालो की. प्याला रिकामाच दिला ना परत?”

“डॉक्टर, यांच्या तोंडात गेलेलं पोटात जाईलच असं नाही,” फानी म्हणाली. “जन्मभर यांनी लाकडी पेट्यांवर नक्षी चढवायला मोपा-मोपा झाडाचा डिंक चघळून मऊ केलाय. गालात डिंक धरून आईशी तासन्‌तास भांडायचे.”

“म्हणून तर तीच जिंकायची,” सेगुंदो पुटपुटले. मग नजर वळवून म्हणाले, “कडू होतं हो. आमच्या धंद्यात तोंडातलं कडू गिळत नाहीत. थोडं उतरलं, बाकीचं रुमालात थुंकलो. तुम्ही पडद्याकडे बघत होतात. म्हटलं, कशाला त्रास द्या.”

एरासोंनी तिथूनच फोन लावला.

“बोतिना, माझा फोटो ग्राह्य धरू नका. जोड औषधाने भरलाच नव्हता. सूप बंद करा, मी सीटी करते.”

“हे आत्ता सांगताय?”

“आत्ता कळलं. आणि कालच बघायला हवं होतं.”

सीटीच्या खोलीत त्या सेगुंदोंच्या शेजारी उभ्या राहिल्या. “गिळा, काका. सगळं.”

त्यांनी गिळलं आणि खात्री पटावी म्हणून तोंड उघडून दाखवलं.

जोडाच्या डावीकडे औषध बाहेर सांडलेलं दिसलं. त्याभोवती हवा होती, छाती आणि पोटामधल्या पडद्याखाली पाणी साचलं होतं; डावा खांदा त्यानेच दुखत होता. एरासोंनी कालचा रिपोर्ट रद्द करून नवा पाठवला.

“सुपानं झालं का हे?” फानीने विचारलं. “मीच भरवत होते.”

“गळती आधीचीच असेल. सुपानं वाढली का, ते मला सांगता येत नाही. तुम्हाला भरवायला सांगितलं ते माझ्या सहीवर.”



सव्वाचारला सेगुंदोंना ऑपरेशनसाठी आत नेलं. सात वाजले तरी बोतिना बाहेर आले नव्हते. मधे एकदाच नर्सने दार उघडलं. तिने रक्ताच्या आणखी दोन पिशव्या मागवल्या.