समूम आणि सुरई

हाजराखालाचं, माझ्या मावशीचं, हजला जाणं एका शब्दावर अडलं होतं. सन अठ्ठावीसचा एप्रिल होता. सोबत तिचा धाकटा भाऊ उस्मानमामू जाणार होता. घरातल्या पुरुषाशिवाय तिला निघता येत नव्हतं. कपडे शिवून झाले, भाजलेलं पीठ डब्यात भरलं, आणि कारंज्याच्या एका हाजीसाहेबांनी मामूला वाळवंटातल्या ‘समूम’ वाऱ्याबद्दल सांगितलं. तेव्हापासून मामूचा हेका, की आपाला, म्हणजे त्याच्या या थोरल्या बहिणीला, हा प्रवास झेपणार नाही.

मी बी.एस्सी. होऊन नागपूरहून जऊळक्याला आलो होतो. मामूची समजूत घाल, असं खालानं मला सांगितलं. मामूनं मात्र एकच विचारलं, समूमचा अर्थ काय?

खरं ते सांगावं लागलं. मूळ अरबी शब्द ‘सम्म’, म्हणजे विष. समूम म्हणजे विषारी वारा.

“ऐकलं, आपा? आता आपला पोट्टाही तेच सांगून राह्यला.”

त्या दिवशी खालानं मला चहा दिला नाही.

नाव खोटं नव्हतं. ते ठेवणाऱ्यांनी त्या वाऱ्यात माणसं मरताना पाहिली असणार. पण हवेत विष नसतं. तापलेला कोरडा वारा अंगातलं पाणी ओढून नेतो, एवढंच. मामूला हे पटेना.

दुसऱ्या दिवशी मी दोन सुरया भरल्या. एक बंद खोलीत ठेवली, दुसरी पश्चिमेच्या खिडकीत, जिथून आमच्याकडची उन्हाळी लू आत शिरायची. दुपारी मामूला दोन्हींतलं पाणी दिलं. खिडकीतलं जास्त गार होतं. त्यानं ते परत मागितलं. सुरईतून पाझरलेलं पाणी वारा उडवून नेतो, म्हणून आतलं निवतं; घामानं अंगही तसंच निवतं, फक्त पाणी पीत राहायचं, असं मी समजावत होतो. मामू सुरईच्या ओल्या पोटावरून हात फिरवत होता.

“तिथं सुरई भेटते?”

“इथूनच नेऊ,” खाला म्हणाली.

स्टेशनवर मामूनं सुरईला हमालाचा हात लागू दिला नाही. मामू सामान घेऊन डब्यात चढला तेव्हा खालानं मला बाजूला घेतलं.

“भेव त्यालेच वाटत होतं, बेटा. लहानपणी वावटळ आली का माह्या ओढणीत घुसे. कोणाले सांगू नको.”

मी तिला डब्यात चढवलं. खिडकीजवळची जागा मामूनं सुरईला देऊन टाकली होती.