उलट्या बाजूच्या गाठी

"पांढऱ्यावर पांढरा दोरा? आई, दिसणार तरी आहे का कुणाला?" सुनेनं डबा भरता भरता विचारलं.

"दिसायला नकोच आहे," मुकादमबाई म्हणाल्या आणि दोरा दातांनी तोडला.

सकाळपासून त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर हॉस्पिटलची जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली चादर होती आणि आणखी दोन शेजारी घडी करून ठेवलेल्या. प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यात, दुमडीच्या उलट्या बाजूला त्या बारीक गाठी घालत होत्या. पहिलीवर दोन, दुसरीवर तीन, तिसरीवर चार. चष्मा नाकावर होता, पण काम डोळ्यांनी नाही, बोटांनीच चाललं होतं. निदान त्यांना तरी तसंच वाटत होतं.

"आज तो येणार ना? तुमचा कारकून?"

"माझा कसला? आता साहेब झालाय तो. निवड समितीचा अध्यक्ष."

"एक्केचाळीस वर्षं झाली, आई. सापसुद्धा इतका डूख धरत नाही."

"साप एवढं जगतच नाही गं."

सून हसली, पण डब्याचं झाकण लावताना गंभीर झाली. "लॉन्ड्रीतल्या त्या इस्त्रीवाल्या पोरीचा पण इंटरव्ह्यू आजच आहे. तुम्हीच सांगत होतात, हुशार आहे म्हणून. तुमच्या भांडणात तिचं वाटोळं करू नका म्हणजे झालं."

"तिला यातलं काही ठाऊक नाही."

"तेच म्हणतेय मी. तिला न विचारता तिचं हत्यार करताय. साहेब चिडला आणि तिच्या नावावर फुली मारली, तर?"

मुकादमबाईंनी तिन्ही चादरी पिशवीत घातल्या आणि पिशवीचे बंद दोनदा आवळले.

हॉस्पिटलची ती नेतृत्व शिष्यवृत्ती जुनी. दरवर्षी कर्मचाऱ्यांतून दोघांना निवडायचे आणि वर्षभर मोठ्या संस्थेत शिकायला पाठवायचे. कोण कुठून आला, कुठली भाषा बोलतो, किती शिकला, हे बघायचं नाही, चार माणसांना बरोबर घेऊन काम करतो का, एवढंच बघायचं, असा नियम. आणि तो पाळलाही जायचा. फाटकावरचा रखवालदार त्यातून आग विझवण्याच्या विभागाचा प्रमुख झाला होता. वॉर्डात फरशी पुसणारी एक आया आता नर्सिंगच्या मुलींना शिकवत होती आणि मुली तिच्या नावानं चळाचळा कापत होत्या. मुकादमबाईंनी हे सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांचा राग शिष्यवृत्तीवर कधीच नव्हता. देवळात चप्पल चोरीला गेली म्हणून कुणी देवावर रागावतं का?

चोर ठाऊक होता.

तेव्हा त्या तिशीच्या होत्या. हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत त्यांच्या हाताखाली बावीस बायका. पाच मुलखांतून आलेल्या, पाच बोली बोलणाऱ्या. एकीनं "उचल" म्हटलं की दुसरी खाली ठेवायची. वाफ इतकी, की शेजारच्या बाईचं नाक दिसलं तर नशीब. अशात सगळ्या वॉर्डांच्या चादरी एकाच ढिगात येत. एकदा संसर्ग वॉर्डाची चादर बाळंतिणींच्या वॉर्डात गेली. पुढे काय झालं, ते मुकादमबाई आजही कुणाला सांगत नसत. त्यानंतर आठ दिवस त्या झोपल्या नाहीत, आणि नवव्या दिवशी दोरे घेऊन बसल्या.

प्रत्येक वॉर्डाला एका रंगाचा टाका. पण सोडा घालून उकळलं की सहा महिन्यांत रंग उडतो, आणि वाफेत तो मुळात दिसतच नाही. म्हणून खरी खूण टाक्याच्या मागच्या बाजूला. साध्या वॉर्डाला एक गाठ, बाळंतिणींना दोन, ऑपरेशनला तीन, संसर्गाला चार. चादर हातात आली की अंगठा कोपऱ्यावर फिरवायचा. वाचायला नको, बोलायला नको, बघायलाही नको. पंधरा दिवसांत बावीसच्या बावीस बायकांचे अंगठे शिकले.

त्याच वर्षी त्यांनी शिष्यवृत्तीचा अर्ज आणला. अक्षर कोंबडीच्या पायांसारखं, म्हणून कपड्यांच्या कोठारातला तरुण कारकून म्हणाला, "ताई, तुम्ही सांगा, मी लिहून देतो." अंघोळ करून आल्यासारखा नेहमी स्वच्छ दिसायचा तो. दोन संध्याकाळी तो समोर बसला. त्यांनी रंग सांगितले, वॉर्ड सांगितले, बायकांना कसं शिकवलं ते सांगितलं. गाठींपर्यंत आल्या, तेवढ्यात त्यानं पेनाला टोपण घातलं. "बास, ताई. एवढं पुष्कळ झालं."

निकालाच्या दिवशी सभागृहात मोठ्या डॉक्टरांनी निवड झालेल्या उमेदवाराचा अर्ज वाचून दाखवला. 'रंगीत दोऱ्याची पद्धत', लॉन्ड्रीतल्या अडाणी बायकांसाठी शोधून काढलेली. शोधून काढणारा कारकून पहिल्या रांगेत मान खाली घालून, विनयानं बसला होता. मुकादमबाईंच्या नावानं जो अर्ज गेला होता, त्यात तीन ओळी होत्या. 'कष्टाळू आहे. आज्ञाधारक आहे. वक्तशीर आहे.'

त्या तक्रार करायला गेल्या, तर बड्या बाबूनं विचारलं, "पुरावा?" बावीस बायका पुरावा होत्या, पण त्यांची बोली बाबूला कळत नव्हती.

तो गेला, शिकला, अधिकारी झाला, इथून तिथून वर वर चढत गेला. त्याचा फोटो जिन्याच्या वळणावर लागला. फोटोत हातात रंगीत रिळं. मुकादमबाई सत्तावीस वर्षं त्या जिन्यानं चढल्या-उतरल्या आणि एकदाही त्या भिंतीकडे पाठ न करता गेल्या नाहीत.

समितीच्या खोलीत तो त्यांच्या आधीच येऊन बसला होता. केस पांढरे, कपडे तेव्हासारखेच कोरे. शेजारी मेट्रन.

"या, या बाई. निवृत्त कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधी ना तुम्ही? लॉन्ड्रीत होतात, नाही का? आठवतं मला, थोडं थोडं."

"थोडं थोडंच आठवावं साहेब," मुकादमबाई म्हणाल्या. "तब्येतीला बरं असतं."

मेट्रननं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि पहिल्या उमेदवाराला आत बोलावलं.

इस्त्रीच्या यंत्रावरची पोरगी चौथी आली. सव्वीस-सत्तावीसची, दूरच्या मुलखातली, भाषा अजून ठेचकाळणारी. खुर्चीच्या टोकावर बसली आणि हात कुठे ठेवावेत ते न कळल्यानं मांडीखाली घेतले.

"नेतृत्व म्हणजे काय, सांग बरं," साहेबांनी विचारलं.

पोरगी गप्प.

"घाबरू नकोस. तुझ्या शब्दांत सांग."

"मी... आम्ही सगळ्या मिळून..." पुढचं वाक्य तिला सापडेना. मेट्रननं कागदावर काहीतरी बारीक लिहिलं. ते काय असणार, हे मुकादमबाईंना न वाचता कळलं. कष्टाळू आहे. आज्ञाधारक आहे.

साहेब खुर्चीत मागे रेलले. आवाजात माया आणली. "हे बघ बाळ, मी तुझ्याएवढा होतो ना, तेव्हा याच लॉन्ड्रीत रंगीत दोऱ्याची पद्धत आणली. चादरी मिसळायच्या, लोकांना त्रास व्हायचा. मी विचार केला, पुढाकार घेतला. याला म्हणतात नेतृत्व. तू असं काय केलंस?"

हेच. ह्याच वाक्याची मुकादमबाई एक्केचाळीस वर्षं वाट बघत होत्या. आता ते इतकं सहज, ताटात वाढल्यासारखं समोर आलं, तेव्हा क्षणभर त्यांना सुनेचं बोलणं आठवलं. मग पोरीचे मांडीखाली दाबलेले हात दिसले. त्यांनी पिशवीचे बंद सोडले.

"साहेब, तुमच्याच पद्धतीच्या तीन चादरी आणल्यात. कुठल्या वॉर्डांच्या, ते तुम्हीच सांगा. पोरीला समजेल तरी."

साहेबांनी हसत चष्मा लावला. कोपरा उलटा केला, सुलटा केला. उजेडाकडे धरला. "यावर रंगीत टाकाच नाही."

"उडाला. सहा महिन्यांत उडतो."

"मग नवा घालायचा."

"रोज बाराशे चादरी असतात, साहेब. आणि वाफेत लाल काय नि निळा काय? तर मग बायका चादरी कशा ओळखायच्या? पद्धत तुमची आहे. सांगा."

"आता इतक्या वर्षांनी..."

"बरं, डोळे मिटून सांगा. आमच्या बायका तशाच सांगायच्या."

मेट्रनचं पेन थांबलं. साहेबांनी चादर हातात धरली होती, तिचं काय करायचं ते न कळणाऱ्या माणसासारखी. त्यांचा अंगठा टाक्याच्या सुलट्या बाजूवर होता, जिथे काहीच नव्हतं. मुकादमबाईंनी तो अंगठा डोळे भरून पाहून घेतला. मग म्हणाल्या, "पोरी, तू बघ."

पोरीनं मांडीखालून हात काढले. आणि बसल्या जागी ती वेगळीच बाई झाली. पहिली चादर घेतली, कोपरा मुठीत गेला, अंगठा एकदा फिरला. नजर साहेबांकडेच होती. "बाळंतिणींचा वॉर्ड." दुसरी. "ऑपरेशन." तिसरी घेतली आणि थांबली. अंगठा पुन्हा फिरला. पुन्हा.

"ही बरोबर नाही."

"बरोबर नाही म्हणजे?" मेट्रननं विचारलं.

"तीन गाठी आहेत. चौथी बसलीच नाही, नुसता दोरा गुंडाळलाय. ज्यांनी घातली ना..." पोरगी योग्य शब्द शोधत होती. "त्यांच्या बोटांना आता कळत नसणार. खूप वर्षं वाफेत काम केलं की असं होतं. आमच्यात पण दोघी आहेत तशा."

मुकादमबाईंनी आपले हात टेबलाखाली घेतले.

"मग अशा चादरीचं तुम्ही काय करता?" मेट्रन पुढे झुकली होती.

आता पोरीला भाषा अडत नव्हती, किंवा अडली तरी ती थांबत नव्हती. "तीन की चार अशी शंका आली, की चारच धरायचं. संसर्गाच्या ढिगात टाकायची, परत उकळायची. आधी असं नव्हतं. मी सगळ्यांना विचारून केलं. आणि ज्यांच्या बोटांना कळत नाही, त्यांना गाठी घालायला देत नाही. त्यांना नवीन मुलींना शिकवायला बसवलंय. त्यांना सगळं माहीत असतं, फक्त बोटं गेलीत. घरी कशाला बसवायचं त्यांना?"

मुकादमबाईंनी चार गाठींपर्यंत विचार केला होता. पाचवी गोष्ट त्यांनाही सुचली नव्हती.

पोरगी बाहेर गेली. पाचवा उमेदवारही येऊन गेला. पोरीच्या नावावर फार चर्चा झालीच नाही. निवडीची कारणं अध्यक्षांनी आपल्या हातानं लिहायची, असा नियम होता. मेट्रन कागद ठेवून चहा सांगायला गेली आणि खोलीत दोघंच उरली.

"गाठींचं मला कुणी सांगितलंच नव्हतं," साहेब कागदाकडे बघत म्हणाले.

"मी सांगत होते. तुम्ही टोपण लावलंत."

साहेबांनी समोरचा कागद उगाच सरळ केला.

"निम्मीच चोरी केलीत, साहेब. आणि निम्म्या चोरीवर आख्खा जन्म काढलात. मला त्याचीच जास्त चीड आहे. चोरायचं तर नीट तरी चोरायचं! गाठी लिहिल्या असत्यात, तर दुसऱ्या हॉस्पिटलांतल्या बायांना तरी कळल्या असत्या."

"तुम्हाला काय हवंय, बाई?"

"पेन काढा. मी सांगते, तुम्ही लिहा. तुमचं अक्षर चांगलं आहे."

मुकादमबाई सांगत गेल्या. पोरीचं काम, पोरीचा नियम, बोटं गेलेल्या दोघी. मग म्हणाल्या, "आता लिहा, की या उमेदवारानं जी पद्धत सुधारली, ती मूळ पद्धत याच लॉन्ड्रीतल्या तेव्हाच्या मुकादमबाईंची. अध्यक्षांची नाही."

पेन बराच वेळ कागदावर टेकलेलं राहिलं. मग चाललं. 'मुकादम' या शब्दापुढे साहेबांनी त्यांचं नाव लिहिलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. त्या जुन्या अर्जावर होतं, अगदी तसंच. न विचारता.

थोडं थोडं आठवतं म्हणाला होता.

मुकादमबाईंना वाटलं होतं, अशा वेळी पोटात काहीतरी थंड होईल. तसं झालं नाही. उलट आतला जाळ एकदा नीट भडकला. म्हणजे ह्याला रोज आठवत होतं. जिन्यावरून उतरताना त्यालाही भिंतीकडे पाठ करावी लागत असणार. असू दे. तेही चांगलंच झालं.

साहेबांनी सही केली आणि पेनाला टोपण लावायला घेतलं.

"थांबा," मुकादमबाई म्हणाल्या. "गाठी राहिल्या. एक, साधा वॉर्ड. लिहा."

साहेबांनी टोपण पुन्हा काढलं.

घरी आल्या तेव्हा उन्हं खिडकीतून सरकत खुर्चीपर्यंत आली होती. सून कामावरून आलेली. "काय झालं? पोरीचं झालं ना?"

"झालं."

"आणि तुमचं?"

"त्यानं सहीनिशी लिहून दिलं." मुकादमबाईंनी पिशवी खाली ठेवली. "आता फोटोचं बघायचंय. तो ज्या खिळ्यावर टांगलाय, तो खिळाही मीच ठोकलेला आहे."

"आई, पुरे आता!" सून हसत आत गेली.

मुकादमबाईंनी तिसरी चादर काढली. कोपरा मुठीत घेऊन अंगठा फिरवला. कापड लागलं, गुळगुळीत. पुन्हा फिरवला. काहीच नाही, एकही नाही. आतून भांड्यांचा आवाज येत होता, तिकडे एकदा बघून त्यांनी तो कोपरा हळूच ओठांशी नेला आणि खालच्या ओठावरून फिरवत मोजलं. एक. दोन. तीन. आणि शेवटी एक सैल, गुंडाळलेला दोरा.

पोरगी बरोबर होती. त्यांनी सुई घेतली, चष्मा पुसला आणि तो दोरा उसवायला सुरुवात केली.