गावची महान्यायवादी

मोहाचं फूल झाडावरून पडल्यावर काही वेळ फिकट पिवळं आणि घट्ट राहतं. ऊन चढलं की जिथून ते सुटलं ती कड आधी तपकिरी होते, मग सगळं फूल मऊ पडतं. म्हणून वेचणी पहाटेच उरकावी लागते.

संघप्रिया सासूबरोबर, सुकरीबरोबर, वेचत होती. ती बी.एस्सी. करून कायद्याकडे वळलेली, गडचिरोलीच्या कोर्टात वकिली करणारी, आणि अंकुशशी लग्न झाल्यावर या जंगलातल्या गावाची झालेली. टोपली अर्धीच भरली होती. नाल्याकाठचे मोह मागे सडकेसाठी तोडले गेले. सुकरीच्या घराच्या वाट्याला हे दोनच उरले होते. दुपारी ग्रामसभा होती. बांबूच्या ट्रकांसाठी सडक रुंद करायची, तर हे दोन्हीही जाणार होते.

"आज काय सांगशील?" सुकरीनं विचारलं.

"कायदा काय म्हणते ते."

"मागच्या खेपेस बी तेच. कायद्यात बसते म्हणली आन् गप बसली. मले वाटलं, तुले सडक पायजे. सुनेच्या आड काऊन येऊ? हो म्हणून टाकलं."

संघप्रियाच्या बोटांत फूल चेपलं गेलं. "मले नको होती, माय."

"मंग बोलली काऊन नाई?"

"मले मत नाई ना."

"कोणं काढून घेतलं?"

कोणीच नाही. गावानं वनहक्काच्या कामाला कायद्याचा सल्लागार म्हणून तिला नेमायचं ठरवलं, तेव्हा देशाच्या महान्यायवाद्यांबद्दल तिनंच सांगितलं होतं. इंग्लंडच्या राजाला स्वतःच्याच न्यायालयात उभं राहता येईना, म्हणून त्याच्या वतीनं बोलणारा वकील आला. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात तसाच एक कलकत्त्यात बसला. पुढे संविधानानं महान्यायवादी हे पद दिलं: सरकारला कायद्याचा सल्ला द्यायचा, संसदेच्या दोन्ही सभागृहांत बोलायचं, पण मत द्यायचं नाही.

"मंग तुमी आमच्या महान्यायवादी!" ग्रामसभेचे अध्यक्ष वारलूभाऊ म्हणाले होते. सगळे हसले, आणि मत न देण्याचा नियम तिनं स्वतःहून लावून घेतला. प्रयोग पाहणाऱ्यानं त्यात हात घालू नये, तसा तो तिला स्वच्छ वाटला होता. पण संसदेत बहुमतानं ठरतं. इथं एकाचा नकार असला तरी ठराव थांबतो. मताबरोबर तिनं तो नकारही सोडून दिला होता. नाल्याकाठची झाडं पडल्यावर पद सोडायचं तिच्या मनात कितीदा आलं. दर सभेत ते पुढच्या सभेवर गेलं.

"त्या दिल्लीवाल्या वकिलाचे मोह हायेत का तिथी सभेत?" सुकरीनं विचारलं.

"नाईत."

"मंग त्याचं बरं हाय." सुकरीनं ओंजळभर फुलं टोपलीत टाकली. "मीबी तुले इचारलं नाई म्हणा. घरातल्या घरात."

दुपारी समाजमंदिरासमोर सगळे गोल बसले. वारलूभाऊंनी विषय मांडला. "बोला वकीलबाई. कायदा आडवा येते का?"

"नाई येत. गावाच्या सडकेले गावाची संमती असली तर ठरलेल्या मर्यादेत झाडं तोडता येतात."

"झालं तर मंग," कोणीतरी मागून म्हणालं. "महान्यायवादी हो म्हणून राह्यली."

"मी हो नाई म्हणलं."

"आता घ्या! कोर्टात बी असंच बोलता का बाई?" लोक हसले.

वारलूभाऊ एकेकाला विचारत निघाले. हो. हो. ट्रक येतील तर भाव चांगला मिळेल, हो. सुकरीपाशी ते थांबले. तिनं सुनेकडे पाहिलं, मग पदर सावरला आणि तोंड उघडलं.

"माय, थांब," संघप्रिया म्हणाली. ती उभी राहिली. "वारलूभाऊ, सल्ल्याले दुसरा वकील पाहा. आजपासून मी सल्लागार नाई. मी अंकुशच्या घरची, या गावची. आन् मले हे मान्य नाई."