फर्मच्या तिजोरीतला पासपोर्ट

मला कोंडून ठेवणारा माणूस सादिक परकार. नाव आधीच सांगून टाकतो, कारण पुढे शेख येतील, उल्हाससाहेब येतील, आणि वाचणाऱ्याला वाटेल की दोष सगळ्यांचा थोडाथोडा होता. तसं नाही. सादिकभाईंनी मला स्वतःच्या हाताने आत टाकलं. टाकताना ते हसत होते.

मी एक पासपोर्ट आहे. भारताचा, निळ्या कव्हरचा. आत फोटो आहे सादिकभाईंच्या मुलाचा, रेहानचा. फोटोत तो अठरा वर्षांचा आहे. फोटोग्राफरने हसू नको म्हणून सांगितलं होतं, म्हणून रागावल्यासारखा दिसतो. पुढे तो तसाच दिसायला लागला.

माझा जन्म नाशिक रोडच्या छापखान्यातला. शाईचा वास, यंत्रांचा खडखडाट आणि माझ्यासारखीच असंख्य भावंडं, सगळी कोरी. तिथून मी मस्कतला आलो. वकिलातीत माझ्यावर रेहानचं नाव चढलं. माझ्या आतल्या बाजूला राष्ट्रपतींच्या नावाने एक विनंती छापलेली आहे. या माणसाला कुठलीही आडकाठी न करता जाऊ द्यावं, अशी. ती परदेशी सरकारांसाठी आहे. बापांनाही ती वाचून दाखवावी, हे कुणाला सुचलं नसावं.

सुरुवात चांगली झाली. रेहान मला घेऊन पुण्याला गेला, कायद्याच्या कॉलेजात. ही इच्छा त्याच्या अब्बांची. सादिकभाई मस्कतच्या एका जुन्या वकिली फर्ममध्ये मंदूब आहेत. म्हणजे सरकारी कचेऱ्यांत कागद नेणं, शिक्के मारून आणणं, कुणाचा व्हिसा, कुणाचा परवाना. आयुष्यभर वकिलांच्या फायली वाहिल्या, आता मुलाने वकील होऊन त्याच फर्ममध्ये खुर्चीवर बसावं, असं त्यांनी ठरवलं. ठरवताना रेहान शाळेत होता. त्याला विचारायचं राहून गेलं.

रेहानचं मन यंत्रांत. सुट्टीत दाभोळला चुलत्याच्या ट्रॉलरवर जायचा, इंजिनापाशी बसायचा, कोपरापर्यंत काळा होऊन यायचा. मी त्याच्या बॅगेत असायचो, मला डिझेलचा वास लागायचा. दुसऱ्या वर्षी त्याने कॉलेज सोडलं. घरात काय झालं असेल ते सांगत बसत नाही. सादिकभाईंनी त्याला मस्कतला बोलावून घेतलं आणि फर्ममध्येच चिकटवलं, जुन्या फायली स्कॅन करायच्या कामावर. व्हिसा फर्मचा. म्हणजे खुर्ची मिळालीच शेवटी, फक्त वकिलाची नाही.

आता या फर्ममधली एक रीत सांगतो. सुट्टीवरून परत आलेला प्रत्येक जण पहिल्या दिवशी उल्हाससाहेबांच्या केबिनमध्ये जातो. आधी टेबलावर मिठाईचा डबा ठेवतो, मग पासपोर्ट. कुणी मागत नाही. उल्हाससाहेब म्हणजे उल्हास कर्णिक, पुण्याचे, फर्मचे सर्वांत जुने कायदा सल्लागार. ते मिठाईचा तुकडा तोंडात टाकतात, पासपोर्टला रबर लावतात आणि मागच्या तिजोरीत ठेवतात. विचारलं तर म्हणतात, "घरी कुठं सांभाळणार तुम्ही? इथं सेफ आहे." ते वकील असल्यामुळे त्यांनी एक कागदही करून ठेवलाय. मी माझ्या मर्जीने पासपोर्ट इथे ठेवत आहे, असा. खाली सही.

रेहानच्या वेळी डबा सादिकभाईंनीच आणला होता. रेहान मला हातात धरून उभा होता.

"दे रे साहेबांकडं."

"माझ्याकडे राहू दे की अब्बा."

"सगळ्यांचे हायत इथे. माझा हाय, किशोरी मॅडमचा हाय. तू काय वेगळा हायस?"

आणि त्यांनी हसत हसत मला त्याच्या हातातून काढून घेतलं आणि स्वतःच तिजोरीत टाकलं. कागद पुढे सरकवला. रेहानने सही केली. दोन वर्षं कायदा शिकलेल्या मुलाने तो कागद वाचलासुद्धा नाही.

तिजोरीत काय असतं? अंधार, लोखंडाचा वास आणि आमच्यासारखे बरेच. माझ्याखाली रमण ड्रायव्हरचा पासपोर्ट होता, त्याची मुदत आतल्या आत संपून गेली होती. तो फुगून आला होता. मी त्याच्याकडे बघून घाबरायचो.

आतून दिसत नाही, पण ऐकू येतं. उल्हाससाहेबांची खुर्ची तिजोरीला लागून. एकदा कुठल्याशा बांधकाम कंपनीचा फोन आला. साहेब अगदी खणखणीत आवाजात बोलत होते. "नो नो, कामगाराचा पासपोर्ट तुम्ही ठेवू नका. तो त्याच्याकडेच असला पाहिजे. उद्या तक्रार झाली तर मी वाचवू शकणार नाही." फोन ठेवून त्यांनी चहा मागवला. खुर्ची मागे रेलली, तिची पाठ आमच्या दारावर टेकली. आत आम्ही सगळे ऐकत होतो.

अशी चार वर्षं गेली. रेहानला एकदाही सुट्टी मिळाली नाही. मग फर्मला पन्नास वर्षं होणार म्हणून गडबड सुरू झाली. हॉटेलातला मोठा हॉल, स्मरणिका, जुने फोटो. मस्कतमधल्या मत्रहच्या सूकमागे, म्हणजे जुन्या बाजारामागे, दोन खोल्यांत शेख हसन यांनी ही फर्म सुरू केली, ती गोष्ट मी तिजोरीतून इतक्या वेळा ऐकली की मलाच भाषण करता आलं असतं. कार्यक्रमात दुसऱ्या पिढीचा सत्कार होणार होता. बाप आणि मुलगा दोघेही फर्ममध्ये, अशी एकच जोडी. परकार पितापुत्र.

त्याच दिवसांत सादिकभाई एकदा केबिनमध्ये येऊन बसले.

"साहेब, पोराच्या डोक्यात जहाज घुसलंय."

"म्हणजे?"

"उरणला कुठं खलाशाचा ट्रेनिंग असतो, तिथं नंबर लागलाय म्हणतो. बुधवारी हजर व्हायचा. पासपोर्ट, मूळ कागद सगळा घेऊन."

"बुधवारी? आणि गुरुवारी आपला प्रोग्राम."

"तेच तर. पुढल्या महिन्यात पंचवीस पूर्ण होतात त्याला. पंचविशीनंतर घेत नाहीत तिथं. ही शेवटची बॅच त्याची."

"मग काय करायचं म्हणता?"

"काय नाही करायचा. गुरुवार जाऊ दे. आपोआप उतरेल डोक्यातनं."

हे ते किती शांतपणे बोलले. त्यांचे वडील जहाजावर होते. वर्षावर्षाने घरी यायचे, मुलगा ओळखायचा नाही. "मी बाप बघितलाच नाही साहेब," असं ते उल्हाससाहेबांना पूर्वीही सांगत. वाईट वाटतं ऐकून. पण म्हणून त्यांनी मुलाला आयुष्यभर नजरेसमोर ठेवायचं ठरवलं, आणि त्यासाठी त्यांना मी तिजोरीत लागत होतो. बापाची माया म्हणतात ती हीच असेल, तर तिच्या दाराला लोखंडी कडी आहे.

रविवारी शेख हसन स्वतः केबिनमध्ये आले. फर्मचा पहिला परवाना फ्रेम करायचा होता, तो तिजोरीत. उल्हाससाहेबांनी दार उघडलं. आमच्यावर उजेड पडला. शेख आता खूप म्हातारे, काठी घेऊन चालतात, पण नजर अजून वकिलाची. मत्रहच्या भारतीय दुकानदारांत वाढल्यामुळे हिंदी झकास बोलतात.

"ये क्या है, उल्हास?"

"पासपोर्ट, शेख. स्टाफ के."

"हमारे पास क्यूँ?"

"सेफ रहते हैं. सब अपनी मर्जी से रखते हैं, शेख. सबका कागज है."

शेख जरा वेळ आमच्याकडे बघत राहिले. "दूसरों को क्या सलाह देते हैं हम?"

साहेब खाली वाकून परवाना शोधायला लागले.

"खलास. सब को वापस दे दो."

शेख गेले. मी काय सांगू माझं काय झालं. रविवार होता. बुधवार अजून पुढे होता. मंगळवारच्या विमानाचं तिकीट रेहानने आधीच काढलं होतं. मला वाटलं, आता तासाभरात रबर निघणार.

तिजोरीचं दार अजून उघडंच होतं. उल्हाससाहेबांनी सादिकभाईंना बोलावलं. झालेलं सांगितलं. तोंड कडू झालं होतं त्यांचं. आणि तेव्हा सादिकभाई म्हणाले, आणि हे कृपा करून नीट ऐका,

"साहेब, मग असंच कशाला वाटायचा? प्रोग्रामला शेखच्या हातनं देऊ. स्टेजवर. पन्नास वर्षांची भेट म्हणून. फोटो निघतील."

उल्हाससाहेबांचा चेहरा उजळला. "सादिकभाई, तुम्ही वकील व्हायला हवे होतात."

दोघे हसले. लगेच कुणाला तरी मखमली बटव्यांची ऑर्डर गेली.

सोमवारी रेहान आला. सुटकेची बातमी ऑफिसभर पसरली होती. ऑफिसची व्यवस्था बघणाऱ्या किशोरी मॅडम टेबलावर बटवे मांडत होत्या, आम्ही सगळे तिजोरीबाहेर होतो, एकेक करून बटव्यात जात होतो. रेहानने मला ओळखलं. सरळ उचललं. चार वर्षांनी त्याची बोटं माझ्यावर होती, स्कॅनरच्या धुळीने कोरडी पडलेली.

"उल्हास अंकल, मी माझा घेतो."

"अरे थांब थांब. गुरुवारी मिळणारच आहे."

"माझी उद्या फ्लाइट आहे."

"दोन दिवस इकडेतिकडे होत नाहीत का रे? फोन करून सांग त्यांना."

"केला. नाही म्हणाले. शेखनी द्या म्हणून सांगितलंय ना अंकल?"

"द्या म्हणाले. आजच द्या असं कुठं म्हणाले?"

"हे बरोबर नाही. मी कामगार खात्यात जाईन."

"जा की," दारातून आवाज आला. सादिकभाई. "मीच सोडतो गाडीनं. तिथले सगळे ओळखतात मला. सांग त्यांना, माझ्या बापावर तक्रार लिहून घ्या."

किशोरी मॅडमनी मान खाली घातली. त्या म्हणाल्या, "द्या ना हो त्याला, मी बटवा रिकामा ठेवीन, कुणाला कळणार आहे?" अख्ख्या फर्ममध्ये शहाणपणाचं एवढं एकच वाक्य बोललं गेलं, आणि ते कुणी ऐकलं नाही.

सादिकभाईंनी हात पुढे केला. फक्त हात. ओरडले नाहीत, हिसकावलं नाही.

"दे बाला."

मी रेहानच्या मुठीत होतो. दार उघडं होतं. जिना होता, खाली रस्ता होता, टॅक्सी होत्या. मी मनात म्हणत होतो, पळ. त्याची मूठ घट्ट झाली, मग सैल झाली. आणि त्याने मला बापाच्या हातात ठेवलं.

मला त्याचाही राग आला. अजून आहे. पण त्याला ही सवय लावली कुणी? लहानपणापासून तो हात पुढे आला की पोराने हातातलं देऊन टाकायचं. खेळणं असो, प्रगतीपुस्तक असो. याला घरात संस्कार म्हणत.

मंगळवारी विमान गेलं. बुधवारी उरणला हजेरी झाली. मी लाल बटव्यात होतो.

गुरुवारी हॉलमध्ये सगळे नटून आले होते. भाषणं झाली. विश्वास हा शब्द इतक्या तोंडांतून आला की बटव्यात मला गुदमरायला झालं. परकार पितापुत्रांना वर बोलावलं. सादिकभाईंनी नवा सूट घातला होता, डोळे पुसत होते. शेखनी मला बटव्यातून काढून रेहानच्या हातात दिलं, खांदा थोपटून त्याचं अभिनंदन केलं आणि गमतीने विचारलं, "मबरूक बेटा. अब कहाँ जाओगे?"

रेहान म्हणाला, "कहीं नहीं, शेख."

हॉल टाळ्यांनी दणाणला. उल्हाससाहेबांनी माइक ओढून घेतला आणि म्हणाले, "बघा, याला म्हणतात निष्ठा." सादिकभाईंनी मुलाला मिठी मारली. फोटोग्राफर म्हणाला, "हसा." रेहान हसला नाही, पण तसे फोटो कुणी नीट बघत नाही.

शेखना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना अजूनही वाटतं त्यांनी आम्हाला सोडवलं.

आता मी मस्कतमध्येच, दार्सैतला, परकारांच्या फ्लॅटमध्ये आहे. फरिदाने, म्हणजे रेहानच्या आईने, मला कपाटाच्या वरच्या खणात ठेवलंय. ठेवताना ती नवऱ्याला म्हणाली, "चार दिवस आधी दिला असतात तर?" ते म्हणाले, "आता कशाला तो विषय?" खणाला कुलूप नाही. मला बाहेर काढायला कुणालाही कुणाची परवानगी लागत नाही. रेहान सकाळी फर्ममध्ये जातो, संध्याकाळी येतो, खण उघडत नाही. माझी मुदतही आता निम्म्याहून जास्त सरलीय.

मोठ्या माणसांनो, तुम्हाला एक मागणं आहे. आमच्यासारख्यांना सांभाळू नका. पोरांना हरवू दे आम्हाला, भिजवू दे, टॅक्सीत विसरू दे. ती रडतील, धावपळ करतील, नवा काढतील. आणि परत द्यायचं असेल तर मागितल्या दिवशी द्या. बटवा नको, टाळ्या नकोत.

पुढच्या महिन्यात रेहान पंचवीस वर्षांचा झाला. आता त्याला जहाजावर कुणी घेणार नाही.