आकडा चोवीसवर थांबला

सोमवारी सकाळी मशीन चालू केलं. काळ्या पडद्यावर मेमरीचा आकडा भराभर चढायला लागला. रोज तो ३१७४४ ला थांबतो. आज २४५७६ ला थांबला.

बंद करून पुन्हा चालू केलं. २४५७६.

कोन गावातल्या आमच्या शाळेत कॉम्प्युटर एकच, याच वर्षी, नव्याण्णवच्या जूनमध्ये आलेला. त्याच महिन्यात कशेळीच्या एका क्लासमध्ये कुणीतरी मशीन उघडून आतल्या मेमरीच्या पट्ट्या काढून नेल्या. बाहेरून काही कळत नाही. तेव्हापासून आमच्या मुख्याध्यापकांनी, शरच्चंद्र सरांनी, नियम घातला: हा आकडा शुभदाबाईंनी, म्हणजे मी, रोज वहीत लिहायचा आणि खोलीची किल्ली कुणालाही द्यायची नाही.

मी किल्ली दिली होती. शुक्रवारी माझ्या छकुलीचं अंग तापलं, शनिवारी भिवंडीहून येणं जमणार नव्हतं. म्हणून निघताना खोली झाडण्यापुरती मंगळीकडे दिली. मंगळी वरच्या पाड्यातली, शाळा झाडते, आणि मी शिकवत असते तेव्हा माझ्या अकरा महिन्यांच्या पोरीला व्हरांड्यात सांभाळते. आज सकाळी तिने पदराच्या गाठीतून किल्ली काढून मला परत दिली होती.

मशीनसुद्धा आज जड चालत होतं. पडद्यावरची एक खिडकी उघडायला केवढा वेळ. आतून काहीतरी गेलंय, नक्की गेलंय. आणि माझी नोकरी अजून टेंपररी.

"बाई, वही?" सर दारात उभे.

आकडा त्यांनी दोनदा वाचला. "हे काय? कोण आलं होतं इथे?"

तेव्हा मी म्हणू शकले असते की चूक माझी. पण तोंडातून निघालं ते असं, "शनिवारी किल्ली मंगळीकडे होती, सर."

सरांनी तिला हाक मारली. ती छकुलीला कडेवर घेऊनच आली.

"काय उचललंस इथून?"

"म्या? म्या कशाला हात न्हाय लावला. तुमचा तो अनंता आलता, मी दारात बसून व्हते त्यो जाईपरत."

"अनंता आपला कॉम्प्युटरवाला माणूस आहे, पडद्यावरचे रंग नीट करायला मीच पाठवला होता. तू सांग. पोलीस पाटलाला बोलवू?"

मंगळीने सरांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. "काय गेलाय, ते तरी सांगा, बाय."

मी ऑफिसात जाऊन कल्याणला अनंताला फोन लावला.

"चोरी?" तो हसायलाच लागला. "अहो मॅडम, स्वस्तातला बोर्ड आहे तो. चित्र दाखवायला त्याला वेगळी मेमरी नाही, मेन मेमरीतूनच तुकडा काढून द्यावा लागतो. आधी एक एमबीचा होता, म्हणून फोटो डागाळलेले दिसायचे. सरांना रंग हवे होते, मी आठ एमबीचा केला. बत्तीसातून आठ गेले, किती?"

"चोवीस."

"मग! २४५७६ म्हणजे तेच, हजार चोवीसचा एक एमबी. तेवढी गोष्ट सरांच्या कानावर घालायची राहिली बघा."

बत्तीस. बिलावर बत्तीसच होते. मी जूनपासून रोज ३१७४४, म्हणजे एकतीसच लिहीत आले, एक कुठे गेला हे एकदाही विचारलं नाही. पहिल्या दिवसापासून तो पडद्याकडे होता. खोलीत पडदा टाकून बाळंतिणीला कोपरा काढून द्यावा, तशी ती जागा आतच होती.

सरांना सगळं सांगितलं. किल्ली मी दिली, हेही सांगितलं. "बरं, बरं," म्हणत ते वही मिटून निघून गेले. मंगळीला ते काही बोलले नाहीत.

पडद्यावर एका मोराचा फोटो होता, एकही डाग नव्हता. घंटा झाली, सातवीची मुलं दारात येऊन थांबली.

"मंगळी," मी म्हटलं, "चुकलं माझं. तासभर घेतेस हिला?"

तिने छकुलीच्या तोंडातली ओली मूठ पदराने पुसली आणि तिला माझ्या हातात दिलं.

"न्हाय बाय. उद्या पोरीतला काय कमी भरला, त?"

ती झाडू घेऊन वळली. छकुली तिच्या पाठीकडे दोन्ही हात करून रडायला लागली. मी तिला कडेवर घट्ट धरून मुलांना आत बोलावलं.