सॉफ्टवेअरचं लायसन

चंद्रपूरच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणाऱ्या तहसीनबाईंचा प्रबंध २००४ साली एका ओळीवरून अडला. कुरखेड्याच्या बाजूनं चार वर्षं फिरून त्यांनी आठशे बारा माणसांची माहिती जमवली होती. धान राखायला मचाणावर निजणाऱ्यांना हिवतापाची जोखीम घरी निजणाऱ्यांच्या पावणेदोन पट, असा हिशेब निघाला. सापेक्ष जोखमीचं ते किचकट गणित एका सॉफ्टवेअरनं केलं होतं. बाईंनी इमानदारीनं त्याचं नाव संदर्भसूचीत टाकलं आणि तिथंच माशी शिंकली.

"याचा पान नंबर कुठी हाय?" विद्यापीठाच्या कचेरीत प्रबंधाची मांडणी तपासणाऱ्या कारकून हेमराजबाबूंनी विचारलं.

"त्याले पानं नाई, भाऊ. ते पुस्तकच नाई."

"मंग तुमी वाचलं कसं?"

"वाचलं नाई. चालवलं."

"चालवलं?" बाबूंचा चेहरा खुलला. "मंग आधी काऊन नाई सांगतलं? हे संदर्भात येतच नाई, वाहनात येते!"

बाई तीन दिवस भांडल्या. चौथ्या दिवशी मुदत संपत होती. ज्यानं हे फुकट दिलं त्या माणसाचं नाव छापून गेलं पाहिजे, मग कुठंही जावो, असं म्हणून त्यांनी हात टेकले. प्रवासाच्या परिशिष्टात भाड्याची जीप, सायकल आणि नदी ओलांडायच्या डोंग्याखाली सॉफ्टवेअर जाऊन बसलं.

"लायसन हाय त्याचं?"

"हाय," बाई बोलून गेल्या. खरंच होतं, चांगलं सहा पानी. बाबूंनी झेरॉक्स जोडून घेतली.

"मालक?"

"डेन्मार्कचे एक प्राध्यापक."

'परदेशी गाडी,' बाबूंनी शेरा मारला.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे एक वयस्कर परीक्षक आले. परिशिष्ट उघडून त्यांनी बाबूंच्या शेऱ्यावर बोट ठेवलं.

"या परदेशी गाडीत किती माणसं घातलीत?"

बाईंना खोटं बोलायची सवय नव्हती. "आठशे बारा, सर."

"एकाच खेपेत?"

"एकाच."

सरांनी चष्मा काढला. "मग जोखीम वाढणारच! पुढच्या वेळी दोन खेपा करा." आणि त्यांनी सही ठोकली.

"हो सर," म्हणून तहसीनबाई डॉक्टर झाल्या.

घरी येऊन त्यांनी डेन्मार्कला ईमेल केला, की तुमचं नाव छापलं. प्राध्यापकांना फार आनंद झाला. कुठं, कसं छापलं ते पान पाठवा, म्हणाले. बाईंनी अजून उत्तर दिलेलं नाही.